११ दिवसांची भाची एसएनसीयूमधी (आजारी नवजात लेकरांच्या वॉर्डात) आहे, आता दूध प्यायलीय, मग घरी आणावं का?

केजचा_मामा

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. लहान बहीण पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी झाली, नॉर्मल, पोरगी झाली, वजन २ किलो ३००. तिसऱ्या दिवशी घरी आणलं, पाचवी पुजली, सगळं बरं चालू होतं. आठव्या दिवशी दुपारपासून लेकरू नुसतं झोपायलं. आधी दर दोन तासाला रडून घर डोक्यावर घेणारं लेकरू, त्या दिवशी आवाजच नाही. आज्जी म्हणायली पोरगी शहाणी झाली, आईला झोपू देते बघ. रात्री बहिणीनं अंगावर घेतलं तर तोंडात धरायची, दोनदा ओढायची आन सोडून द्यायची. हात लावून बघितलं तर ताप नव्हताच, उलट पाय गार. आज्जीनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका आला नाही म्हणून म्हणली लई नजर लागली. आम्हीपण म्हणलं हां असंल.

सकाळी आशाताई आली, ती आदल्या दिवशी यायची होती पण मीटिंगमुळं नाही आली. तिनं लेकराचा हात वर उचलून सोडला तर ओल्या फडक्यासारखा खाली पडला. थर्मामीटर काखेत लावला, ९५ च्या आसपास. तिचा चेहराच उतरला, कुणाला काही न विचारता तिनंच १०८ ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयात एक इंजेक्शन देऊन जिल्ह्याला पाठवलं. तिथं पेटीत ठेवलंय, आज तिसरा दिवस. रक्तात इन्फेक्शन म्हणजे सेप्सिस झालाय म्हणले.

आता मुद्दा. काल रात्रीपासून लेकरू वाटी-चमच्यानं दूध प्यायलंय, रडायलंय, हातपाय हलवायलंय. डॉक्टर म्हणतात कमीत कमी १० दिवस इंजेक्शनं, रक्ताचा मोठा रिपोर्ट अजून यायचाय. आन उद्या बारसं आहे. मांडव सांगून झालाय, दीडशे माणसाला आवतन गेलंय, धाराशिवकडून सासरची मंडळी जीप करून यायलेत. भाऊजी म्हणायलेत सही करून घरी आणू, राहिलेली इंजेक्शनं गावातल्या डॉक्टरकडून टोचून घेऊ, तो पण इंजेक्शनच देतो की. मला पटंना पण समजावून सांगायला माझ्याकडं काही नाही. ताप नसताना इन्फेक्शन कसं काय? बहिणीचं पाणी आदल्या दिवशी संध्याकाळीच गेलं होतं आन डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, त्याच्यामुळं झालं का? आन बरं दिसायलंय तर १० दिवस कशाला? कुणाला अनुभव असंल तर लवकर सांगा, उद्या सकाळी निर्णय करायचाय.


गंगाखेडची_लेक

दादा सही करू नका. हात जोडून सांगते.

माझ्या जावेचं लेकरू, २०१९ ची गोष्ट. असंच, नवव्या दिवशी दूध सोडलं, भरती केलं, चौथ्या दिवशी गुटगुटीत दिसायलं म्हणून आमच्या घरच्यांनी भांडून सही करून आणलं. मी पण त्यातच होते, खोटं कशाला बोलू, मला वाटलं खाटा भरायच्या म्हणून ठेवून घ्यायलेत. घरी तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी पहाटं लेकरू नुसतं एका बाजूला बघायलं, तोंडानं चपचप आवाज करायलं आन एक पाय सायकल चालवल्यासारखा हलवायलं. आम्हाला वाटलं खेळायलंय. टाळूला हात लावला तर पुरीवाणी फुगलेली. परत त्याच दवाखान्यात तोंड खाली घालून गेलो. मेंदूपर्यंत गेलं होतं. पाठीतलं पाणी काढलं, मग २१ दिवस इंजेक्शनं. १० दिवस वाचवायला गेलो आन महिना घातला.

पोरगं आता सहा वर्षांचं आहे, शाळेत जातं, पण डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ते आजारानं की औषधानं की कशानं, आम्हाला कुणी छातीठोक सांगितलं नाही. पण जावेकडं बघताना मला अजून नजर वर करता येत नाही.


अण्णा_तुळजापूर

आमच्या वेळी कुठं होत्या पेट्या न बिट्या. नऊ लेकरं झाली माझ्या मायला. शेक-शेगडी, ओव्याची धुरी, सहाणेवर उगाळून गुटी, पोटावर बिब्बा. लेकरू गार पडलं की शेगडीजवळ धरायचं. आता जरा सुस्त पडलं की ॲडमिट.


गंगाखेडची_लेक

अण्णा राग मानू नका, नऊ झाली त्यातली किती मोठी झाली ते पण लिहा.


अण्णा_तुळजापूर

पाच.


बालरोगवाला

मी लहान मुलांचा डॉक्टर, नोकरीची बरीच वर्षं मराठवाड्यातच गेली, आता रिटायर. लेकराला मी बघितलेलं नाही त्यामुळं तिथले डॉक्टर सांगतील तेच शेवटचं, पण तुमच्या भाऊजींना समजावायला जे लागतं ते लिहितो, थोडं लांबेल.

आधी तापाचं. आपल्या डोक्यात बसलंय की इन्फेक्शन म्हणजे ताप. मोठ्या माणसात ते बरोबर आहे. महिन्याभराच्या आतलं लेकरू, त्यातही तुमच्या भाचीसारखं अडीच किलोच्या खालचं, त्याच्या अंगात ताप काढायची ताकदच कमी असते. त्याचं शरीर लोडशेडिंग करतं, एकेक फीडर बंद. आधी दूध ओढणं बंद, मग रडणं, मग हातपाय हलवणं, मग अंग गरम ठेवणं, आणि अगदी शेवटी श्वास. म्हणून नवजात बाळ गार पडलं तर मला तापलेल्या बाळापेक्षा जास्त भीती वाटते. काखेत थर्मामीटर लावून ९५.९ फॅरनहाइटच्या खाली गेलं तरी धोका आणि ९९.५ किंवा वर गेलं तरी धोका, दोन्हीकडं सारखीच धावपळ करायची. आणि "शहाणं झालं" हे वाक्य मी इतक्या आज्ज्यांकडून ऐकलंय की माझ्या ओपीडीत कुणी ते बोललं की मी हातातलं काम सोडून बाळाकडं बघायचो. चांगलं पिणारं लेकरू अचानक पिईनासं झालं, एवढी एकच गोष्ट असली तरी दवाखाना गाठायचा, दुसऱ्या लक्षणाची वाट बघायची नाही.

पाणी लवकर गेल्याचं विचारलंत. १८ तासांपेक्षा जास्त वेळ पाणी जाऊन राहिलं, आईला ताप असला, पाण्याला घाण वास असला तर जंतू जन्माआधीच किंवा जन्मताना आत शिरतात, पण ते लेकरू बहुतेक पहिल्या ३ दिवसांतच आजारी पडतं. तुमचं आठव्या दिवशी पडलं. असं उशिराचं इन्फेक्शन जास्त करून बाहेरून येतं, हातांतून, नाळेतून, किंवा जिथं डिलिव्हरी झाली तिथूनही. बेंबीला काही लावलं होतं का? हळद, तेल, राख, शेण? बेंबीच्या कडेची कातडी लाल झाली होती का, वास येत होता का? आज्जीला दोष द्यायला विचारत नाही. नाळ कोरडी ठेवायची, तिला काहीच लावायचं नाही, हे आपण डॉक्टर लोकांनीच डिस्चार्ज देताना घाईत सांगून टाकलेलं असतं आणि ते कुणाच्या डोक्यात राहत नाही.

आता १० दिवसांचं. लेकरू दूध प्यायलं म्हणजे जंतू मेले असं नाही, जंतूंची संख्या एवढी कमी झाली की शरीराला उसंत मिळाली, एवढंच. तण वरून कापलं की दोन दिवस शेत साफ दिसतं ना, तसं. रक्तातले जंतू मेंदूच्या आवरणात, हाडात, सांध्यात जाऊन बसतात आणि तिथं औषध हळू पोचतं. म्हणून हिशोब असा असतो की लक्षणं आहेत आणि साध्या तपासण्या बिघडलेल्या आहेत पण कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, खाली सांगतो) काही उगवलं नाही, तर ५ ते ७ दिवस, जरा जास्त आजारी असेल तर ७ ते १०. कल्चरमध्ये जंतू सापडला तर १० ते १४. मेंदूज्वर निघाला तर २१. ताईंनी वर लिहिलंय तो २१ आकडा तिथून आला. उलट लेकरू ठणठणीत असेल आणि कल्चर कोरं आलं तर चांगले डॉक्टर स्वतःहूनच दोन-तीन दिवसांत इंजेक्शन बंद करतात, उगाच कुणी ठेवत नाही, सरकारी एसएनसीयूत तर खाटा कायम कमीच पडतात.

ज्याला तुम्ही मोठा रिपोर्ट म्हणताय ते ब्लड कल्चर. लेकराचं मिलीलीटरभर रक्त एका बाटलीत घालून ठेवतात, जंतू असेल तर तो त्यात वाढतो, मग तो कोणता आणि कोणत्या औषधाला मरतो ते बघतात. त्याला दोन-तीन दिवस लागतातच. तोवर सीआरपी (इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं एक प्रोटीन) आणि पांढऱ्या पेशींवर अंदाज बांधायचा, पण सीआरपी वाढायलाच १२ ते २४ तास लागतात त्यामुळं पहिल्या दिवशीचा नॉर्मल सीआरपी बघून खूश व्हायचं नसतं. म्हणूनच रिपोर्टची वाट न बघता आधी औषध सुरू करतात, बहुतेक ठिकाणी ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन. ग्रामीण रुग्णालयात पाठवायच्या आधी जे इंजेक्शन दिलं ना, त्या माणसाचे आभार माना. नवजात सेप्सिसमध्ये दोन तासांचा जिल्ह्याचा रस्ता म्हणजे दोन तास जंतूंना मोकळं रान.

आणि गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन "पण इंजेक्शनच" असं नाही हो. जेंटामायसिन वजनावर आणि बाळ किती दिवसांचं आहे त्यावर मोजून द्यावं लागतं, जास्त झालं तर किडनीला आणि कानाला त्रास. सेफ्ट्रायॅक्सोन गावोगाव सर्रास टोचतात, ते कावीळ असलेल्या नवजाताला द्यायचं नसतं आणि कॅल्शियमच्या सलाईनबरोबर तर अजिबातच नाही. हे सगळ्यांना माहिती असतं असं नाही. सही करून नेलं आणि मध्येच औषध तुटलं तर उरलेले जंतू तेच असतात जे औषधाला दबले नाहीत. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या नवजात बाळांचा अभ्यास २०१६ ला छापून आला, त्यात सगळ्यात जास्त सापडलेले जंतू ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, आणि त्यातले कितीतरी एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे. परदेशातल्या पुस्तकांत ग्रुप बी स्ट्रेप नावाचा जंतू पहिल्या पानावर असतो, आपल्याकडं चित्र वेगळं आहे. म्हणून कल्चर येईपर्यंत तरी लेकरू हलवू नका.

पाठीतल्या पाण्याबद्दल एक. तुम्हाला पण विचारतील कदाचित. लोक घाबरतात की सुई पाठीत गेली की लेकरू लुळं पडतं. मणक्यातली मुख्य दोरी जिथं संपते त्याच्या खाली सुई घालतात. त्याशिवाय मेंदूज्वर आहे की नाही कळत नाही, आणि ७ की २१ हे ठरत नाही. सांगितलं तर हो म्हणा.


मेडिकलवाला_परळी

डॉक्टरसाहेबांनी लिहिलं त्याला जोडून. माझं दुकान आहे. आठवड्यातनं एखादा तरी येतोच, "दहा दिवसाचं लेकरू आहे, दूध पीना, काही ड्रॉप द्या". आधी मी पण द्यायचो, ती पावडरवाली छोटी बाटली, पाणी घालून हलवायची, अर्धा ड्रॉपर सांगायचो. देताना बरं वाटायचं, गिऱ्हाईकाची नड भागवली म्हणून. एकदा एक माणूस दुसऱ्या दिवशी तीच बाटली परत घेऊन आला, सील फोडलेलं, म्हणला आता लागत नाही, पैसे नको, फक्त घरात ठेववत नाही. तेव्हापासून महिन्याच्या आतल्या लेकराचं काहीही मागितलं की मी औषध देत नाही, १०८ लावून देतो. गिऱ्हाईक शिव्या घालतं, घालू दे.


आशा_धारूर

मामा, तुमच्या आशाताईला माझा नमस्कार सांगा. एक दिवस उशीर झाला तिला, तिला पण ते टोचत असंल.

आम्हाला दवाखान्यात जन्मलेल्या लेकराच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जावं लागतं, घरी जन्मलं तर पहिल्या दिवशी पण. या ४२ दिवसांच्या भेटींचे मिळून २५० रुपये. घड्याळ, थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, एवढी पिशवी. लोक म्हणतात आशा येती, लेकराला लोंबकळवून वजन करती न जाती. पण बघायचं असतं ते असं. श्वास एक मिनिट पूर्ण मोजायचा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण एवढ्या लहान लेकराचा श्वास लहरी असतो, मधीच थांबतो मधीच पळतो. लेकरू शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडं बघून. ६० किंवा जास्त आला तर परत मोजायचा, परत तेवढाच आला तर धोका. छातीच्या खाली बरगडीजवळ श्वास घेताना खड्डा पडतो का बघायचं, गावात म्हणतात पोट उडायलंय, डबा झालाय. कण्हतंय का. पोट फुगून ताठ झालंय का. अंगावर पू भरलेले फोड आहेत का. तळहात तळपाय पिवळे झालेत का. आन आईला एकच विचारायचं, काल जसं पीत होतं तसंच आज पितंय का. आई बरोबर सांगते, फक्त तिला कुणी विचारत नाही, सगळे आज्जीला विचारतात.

नेताना कसं नेता हे पण महत्त्वाचं आहे. गार पडलेलं लेकरू शेगडीजवळ धरू नका, भाजतं आन धुरानं श्वास अजून कोंडतो. आईच्या नाहीतर बापाच्या उघड्या छातीला उघडं लेकरू लावायचं, टोपी मोजे घालायचे, वरून शाल. मागच्या हिवाळ्यात एका आज्ज्याला सांगितलं, धोतर-बंडीवाला माणूस, बंडी काढून लेकरू छातीला लावून जीपमधी बसला, अंबाजोगाईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पोचल्यावर लेकराचे पाय ऊन होते.

आता आमचं खरं दुखणं सांगते. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जातात. बाई सात-आठ महिन्यांची पोटुशी असली तरी जाते, कारण मुकादमाची उचल घेतलेली असते. लेकरू तिकडं फडावर कोपीत जन्मतं. माझ्या यादीत तिचं नाव, तिथल्या आशाच्या यादीत नाही. तिथं पहाटं चारला फडात जायचं, लेकरू कोपीत मोठ्या पोरीच्या ताब्यात. दूध कधी सोडलं ते कुणाला कळणार? मी आता जाताना प्रत्येक बाईच्या मोबाईलमधी माझा नंबर आन १०८ टाकून देते आन म्हणते ७ व्या दिवशी तू मला व्हिडिओ कॉल कर, लेकराची झोप मोडून दाखव. गेल्या सीझनला असं एक लेकरू मी फोनवर बघितलं, तळपायाला टिचकी मारा म्हणलं, हललंच नाही. तिथनं तिथंच दवाखान्यात पाठवलं, वाचलं. पोरगी होती, आन तिच्या सासूनं विचारलं पण की पोरीसाठी आजचा खाडा कशाला, मजुरी बुडती.

अजून एक. समजा घरचे कितीबी सांगितलं तरी दवाखान्यात न्यायला तयारच नाहीत, किंवा न्यायची सोयच नाही, तर लेकराला तसंच सोडून द्यायचं नसतं. २०१४ पासून सरकारचा नियम आहे की अशा वेळी उपकेंद्राच्या नर्सबाई जेंटामायसिनचं इंजेक्शन आन अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध ७ दिवस देऊ शकतात. हे पाठवायला पर्याय म्हणून नाही, नाइलाज म्हणून. झटके आलेलं, बेशुद्ध पडलेलं, अजिबात न पिणारं लेकरू असंल तर दवाखानाच.

हे कुठनं आलं माहितीय का? आम्हाला ट्रेनिंगमधी सांगितलं होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत चार बुकं शिकलेल्या बायकांना हे ओळखायला आन इंजेक्शन द्यायला शिकवलं. सेप्सिस झालेल्या शंभर लेकरांमधली आधी साधारण १७ जायची, उपचार सुरू झाल्यावर ३ च्या आत आली. १९९९ ला ते लॅन्सेट नावाच्या मोठ्या मासिकात छापून आलं. आमचं घरोघर फिरणं त्याच्यातनंच निघालंय. ट्रेनिंगवाल्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक आशा म्हणली, म्हणजे आपल्यासारख्या बाईनंच केलं की हे.


केजचा_मामा

सगळ्यांचे लई आभार. रात्री भाऊजींना हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवलं. गंगाखेडच्या ताईंचं वाचल्यावर ते उठून बाहेर गेले, तंबाखू मळत बसले, परत आल्यावर म्हणले मांडववाल्याला फोन कर. सासऱ्यांना सांगायचं काम माझ्यावर पडलं. त्यांनी आधी आवाज चढवला आन मग विचारलं लेकराची आई जेवती का.

डॉक्टर साहेब, बेंबीला आज्जी तेल-हळद लावायची हे खरं आहे. पाचवीच्या आधीपासून थोडा वास यायला लागला होता पण आम्हाला वाटलं नाळ सुकताना येतोच. आज्जीला अजून सांगितलं नाही, ती आधीच दोन दिवस जेवली नाही.

दोन गोष्टी अजून. बहिणीला आत सोडत नाहीत जास्त वेळ, ती बाहेर व्हरांड्यात बसून असते, दूध दाटून छाती दगडासारखी झालीय. काय करावं? आन पैशाचं कसं, आत्तापर्यंत फक्त एकदा बाहेरून काहीतरी आणायला लावलं, पुढं किती लागतील?


बालरोगवाला

दूध हातानं दाबून स्वच्छ वाटीत काढायचं, दर दोन-तीन तासांनी, रात्री पण, आणि तेच सिस्टरला द्यायचं, त्याच दुधावर लेकरू लवकर बाहेर येणार आहे. आधी गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून घ्या. फेकू देऊ नका. पावडरचं दूध कुणी सुचवलं तर आईचं आहे म्हणून ठाम सांगा. तिला आत बसवून छातीला लावून घेऊ देता का हे रोज विचारा, लेकरू स्थिर असेल तर बहुतेक ठिकाणी देतात, कांगारू म्हणा, त्यांना कळतं. हात मात्र साबणानं कोपरापर्यंत, अंगठ्या-बांगड्या काढून. व्हरांड्यात भेटायला येणाऱ्या पंधरा जणांपैकी चौदांना घरी पाठवा.

आणि डिस्चार्जच्या वेळी कानाची तपासणी कधी करायची ते लिहून घ्या. जेंटामायसिन घेतलेल्या लेकराला ती हवीच.


आशा_धारूर

पैशाचं मी सांगते. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी लेकराचे औषध, तपासण्या, रक्त, न्यायची-आणायची गाडी सगळं फुकट असतं. २०११ ला सुरू झालं तेव्हा ३० दिवसांच्या लेकरापर्यंत होतं, नंतर एक वर्षापर्यंत केलं. बाहेरून आणायला लावलं तर चिठ्ठी मागा, कुणी लिहिली ते बघा, आन वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला दाखवा. भांडू नका, नुसतं विचारा की हे आत मिळत नाही का. बऱ्याच वेळा मिळतं.


अण्णा_तुळजापूर

पोरा, माझ्या मायची चार लेकरं गेली ती कशानं गेली ते आम्हाला कधी कळलंच नाही. एक सातव्या दिवशी गेलं, ते पण झोपलेलंच होतं म्हणायची माय. सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं असं घरात म्हणायचे. तू आणू नको घरी. बारसं काय, श्रावणात कर.


केजचा_मामा

चार दिवसांनी लिहायलोय. कल्चर आलं, क्लेब्सिएला निघाला. आधीच्या दोन औषधांपैकी एकाला तो दाद देत नव्हता, म्हणून औषध बदललं, आता १४ दिवस म्हणले. पाठीतलं पाणी काढलं, ते साफ आलं. भाऊजींनी स्वतः सही केली त्याच्यावर, हात कापायला होता त्यांचा. म्हणजे त्या दिवशी घरी आणलं असतं तर आम्ही गावात जे टोचलं असतं त्यातलं एक औषध त्या जंतूला पाण्यासारखं होतं.

वजन मधी २ किलो १५० झालं होतं, आज २ किलो २१०. बहिणीला आत घेतात आता, दुपारी दोन तास छातीला लावून बसते. आज्जीला मी काही बोललो नाही पण तिला कुणीतरी सांगितलंच, काल फोनवर म्हणली त्या हळदीचा डबा मी उकिरड्यावर टाकला. म्हणलं आज्जी हळद भाजीला लागती की. तर म्हणली नवी आण.

बारसं व्हायचंय अजून. पेटीवर चिकटपट्टीवर बहिणीचं नाव आन पुढं बेबी एवढंच लिहिलंय, सिस्टर लोक तिला केजवाली म्हणायलेत.